लेव्हलमध्ये आणलेलं घर

केळझर,
१४ नोव्हेंबर २०२४

जयाताई,

नमस्कार घे, आणि पाकीट हातात पडलं की आधी पदराखाली लपव. या वयात भाऊ चोरून चिठ्ठ्या पाठवतो म्हणून हसशील, पण दुसरा उपाय नाही. फोन केला की आई म्हणते, "स्पीकर लाव, मले आयकू दे." व्हॉट्सॲपवर लिहिलं की तुझी सूनबाई सपना ते कौतुकानं तिला मोठ्यानं वाचून दाखवते. आणि मला जे सांगायचंय ते आईला इतक्यात कळायला नको.

मी रायपूरची क्वार्टर सोडली. कारखान्यानं शाल-नारळ देऊन निरोप दिला. माझी मंदा गेल्यापासून तिथे भिंतीशी बोलायचं तेवढंच राहिलं होतं, म्हणून सामान टेम्पोत टाकलं आणि थेट आपल्या घरी आलो. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तू तिला बोरगाव मेघेला नेलंस, तेव्हापासून इथे कुलूपच होतं. दोन वर्षांत घराची पार रया गेली आहे. वानरांनी छपराचे कवेलू सरकवले, दाराच्या चौकटीला उधई लागली, भुई उखणली आणि मागच्या सांदवाडीत माणूस दिसणार नाही एवढं गवत वाढलं.

माझा बेत असा आहे: गुढीपाडव्याला आईला इथे आणायचं. ती आणि मी, दोघं राहू. दर फोनला तिचं एकच असतं, "कवा नेशीन रे मले माया घरी?" रायपूरला होतो तोवर मी हं हं करून वेळ मारून नेली. आता तिला घर असं करून दाखवणार आहे की ती बघतच राहील. तोवर तिला एवढंच सांग की ओम झाडझूड करतोय. मी तिकडे येतही नाही, तिच्यासमोर आलो की माझ्या तोंडून सगळं निघून जाईल.

मिस्तरी बोलावणार नाही. यंत्रं जुळवण्यात जन्म गेला, चार भिंती जुळवता येणार नाहीत? मोबाइलवर आता सगळं शिकवतात. पहिल्याच दिवशी कवेलू नीट करायला वर चढलो आणि माझा एक पाय वरूनच स्वयंपाकघरात गेला. खाली शेजारचा चिंधू उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "ओमभाऊ, दारातून येत जा ना."

पाय बरा आहे. आईचे डोळे आता कसे आहेत ते लिही.

तुझा,
ओम


बोरगाव मेघे,
२ डिसेंबर २०२४

चि. ओम,

आशीर्वाद. तुझं पत्र पदराखाली मावलं नाही, तांदळाच्या डब्यात ठेवलं. सपनानं भात लावायला डबा उघडला असता तर तुझं गुपित कुकरमध्ये गेलं असतं.

तू घरी आलास हे ऐकल्यापासून आई बदलली आहे. सकाळी लवकर उठून बसते आणि मला प्रश्न विचारते. "दाराजवळचा कोनाडा हाय ना तिथंच? मांगच्या दाराची खुंटी? चुलीजवळचा रांजण त्यानं हलवला तं नाई?" मी म्हटलं, आई, घराला काय पाय आहेत? तर म्हणाली, "घराले नाई, ओमले आहेत." तिचा निरोप आहे की झाडझूड कर, गळणारे कवेलू बदल आणि बाकी कशाला हात लावू नको. मी आपली निरोप्या आहे. जसा दिला तसा पोचवला.

डोळ्यांचं विचारलंस. ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, आता वयाप्रमाणे आहेत. दिवसभर माझ्या मागे मागे असते, बाकी तब्येत चांगली आहे.

आता एक विचारते, राग मानू नको. चिंधूची बायको परवा सेलूच्या बाजारात भेटली होती. म्हणाली, गणपतीच्या देवळात दर्शनाला येणाऱ्या लोकांसाठी लॉज काढायचं म्हणून नागपूरचा कोणी माणूस आपल्या आळीत जागा शोधतो आहे, आणि आपल्या घरात बसून चहा पिऊन गेला. खरं का? बाजारात न्यायच्या बैलाची शिंगं रंगवतात, हे मला शेतकऱ्याच्या घरात वाढून माहीत आहे. घर विकायचं मनात असेल तर तोंडानं सांग. आईला आशा लावून ठेवू नको. त्या आशेवरच ती जगते आहे.

पाय शेकत जा.

जया


केळझर,
६ जानेवारी २०२५

जयाताई,

तुझ्या त्या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. सख्ख्या बहिणीला असं विचारावंसं वाटलं, यातच सगळं आलं. तुझं पत्र वाचून इतका राग आला की तीन-चार आठवडे लिहिलंच नाही. तेवढ्यात बरंच काम उरकलं, हा एक फायदा.

मातीच्या भिंतीला मी सिमेंटचा गिलावा केला. मोबाइलवरचा माणूस करतो तस्साच केला. आठ दिवसांत अर्धी भिंत पापडासारखी सुटून खाली आली. हात दाखवून अवलक्षण. मग आधी जाळी ठोकली आणि पुन्हा केलं. आता भिंत अशी गुळगुळीत झाली आहे की हात ठेवला तर घसरतो.

पण खरी मजा भुईत निघाली. नळीत पाणी भरून लेव्हल बघितली, तर आपलं सगळं घर चुलीकडून मोरीकडे कललेलं. आजोबांनी घर बांधलं की घसरगुंडी, कळत नाही. मधल्या खोलीत एक खोलगट जागा आहे, देवापुढे एक उंचवटा आहे. ओट्यावरून आत आलं की आधी खाली, मग वर. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं रोज या चढउतारांवरून पाण्याची कळशी नेली, याचीच मला शरम वाटली. मी सगळं खणून काढलं. आता फरशी बसवतो आहे, आणि ती कॅरमबोर्डसारखी सपाट होणार. कारखान्यात साहेब म्हणायचा, ओमप्रकाशनं बसवलेल्या मशीनवर पाण्याचा ग्लास ठेवा, थेंब हलणार नाही. मशीन परक्याची होती. हे घर माझ्या आईचं आहे.

पुढचं काय करतो आहे ते लिहीत नाही. पाडव्याला समजेल.

ओम


बोरगाव मेघे,
२१ जानेवारी २०२५

चि. ओम,

पत्र मिळालं. संक्रांतीचा तीळगूळ सोबत पाठवते, तो गोड लागला तर बघ.

सपाट फरशी म्हाताऱ्या बाईला लागत नाही, गिऱ्हाइकाला लागते. तू उत्तर दिलं नाहीस म्हणजे मला उत्तर मिळालं. मी आता त्यावर बोलणार नाही. घर तुझ्या नावावर आहे.

आईला मी चुकून फरशीचं बोलून गेले. ती जेवता जेवता थांबली. नंतर म्हणाली, "ओमले सांग, घर मले समजलं पायजे." आणि अर्ध्या ताटावरून उठली. याचा अर्थ तुला लागेल तो लाव.

जया


केळझर,
२४ मार्च २०२५

जयाताई,

दोन महिने बोललो नाही, आता पुरे. घर झालं. आता सगळं सांगतो, आणि सांगताना मला बँडबाजा लावावासा वाटतो आहे.

आधी त्या लॉजवाल्याचं. तो आला होता, चहा प्यायला. 'नाही' सांगायचं तरी दारात आलेल्या माणसाला चहा द्यावा लागतोच. त्यानं दुसरीकडे जागा घेतली. मी हे तेव्हाच लिहायला हवं होतं. तुला बोचावं म्हणून लिहिलं नाही. तू मला ओळखतेस की नाही, हे बघायचं होतं.

"घर मले समजलं पायजे" हा आईचा निरोप मी चौकटीवर खडूनं लिहून ठेवला होता. म्हणजे तिला पटलं पाहिजे, आवडलं पाहिजे, असंच ना? प्रत्येक काम तिच्या डोळ्यानं बघून केलं. उंबरठ्याला ठेच लागायची, तो काढून टाकला. पुढचं दार कोपऱ्यात होतं, वळसा पडायचा. ते बुजवून मधोमध नवं दार केलं. चूल काढली, तिथे देवघर केलं आणि पलीकडे उभ्यानं करायचा ओटा बांधला, आता वाकायला नको. दाराजवळचा कोनाडा काजळीनं काळा झाला होता, तो बंद केला. खुंट्या काढल्या, लोखंडी कपाट आणलं. भिंतींना पोपटी ऑइलपेंट दिला. तिच्या लग्नातल्या शालूचा रंग, आठवतो? दुकानदाराला समजावताना माझा घसा बसला.

चिंधू बघून गेला. म्हणाला, "घर तं टॉप झालं भाऊ. पण कोणाचं आहे ते समजून नाई राह्यलं." जळतो लेकाचा.

पाडव्याला सकाळी गाडी घेऊन येतो. तूही चल. झालं गेलं गंगेला मिळालं.

ओम


केळझर,
१३ एप्रिल २०२५

ताई,

काल आईला तुझ्या दारात सोडलं आणि पाणीही न पिता परतलो. तुझ्याशी तिथे बोलता आलं नसतं. पाडव्याला मी आईला न्यायला आलो तेव्हा तू दारात उभी राहून काहीतरी सांगू बघत होतीस. मी म्हटलं, फोनवर सांग, उशीर होतो आहे. तूही गाडीत बसली नाहीस. आता सगळं लिहून काढतो, नाहीतर माझं डोकं फुटेल.

गाडीतून उतरल्यावर आईनं माझा हात सोडवला. म्हणाली, "सोड, आता मी जातो बरोबर." साडी सारखी केली आणि एकटी चालू लागली, जुन्या दाराच्या दिशेनं. तिथे आता भिंत आहे. तिचे दोन्ही हात भिंतीला टेकले. मी हसत तिला नव्या दाराशी आणलं. मला वाटलं, सवयीनं गेली. आत येताना ती उंबरठ्याच्या पाया पडायला वाकली आणि तिचा हात नुसता फरशीवर फिरत राहिला.

मी विचारलं, आई, रंग कसा आहे? तिनं तोंड वर केलं, सगळीकडे फिरवलं आणि म्हणाली, "चांगला पांढराशुभ्र दिसते रे. मी पांढऱ्या मातीनं पोतारत होतो, तसाच." पोपटी भिंतीपुढे उभी राहून बोलली ती, ताई. आणि मी काय समजलो सांगू? उन्हातून आली, डोळे दिपले असतील.

मग चहा दिला. पिऊन झाल्यावर तिनं न बघता हात लांब केला आणि कप कोनाड्यात ठेवला. कोनाडा नव्हताच. कप भिंतीवरून घसरून फुटला. मी म्हटलं, "आई, कोनाडा बुजवला ना, दिसत नाही का?" बोलून गेलो आणि माझेच शब्द मला ऐकू आले. आई म्हणाली, "दिसते ना. दिसते." आणि तुकडे गोळा करायला हात पुढे केला, तो भलतीकडेच.

ती 'दिसते' म्हणत राहिली आणि मी 'हो' म्हणत राहिलो. तिच्यासाठी दिवा लावत राहिलो.

नंतरचे दिवस कसे गेले ते काय सांगू. भिंतीला धरून चालायची तर हात सटकायचा. पूर्वी पायाला उतार लागला की मोरी, चढ लागला की चूल, खोलगट लागलं की मधली खोली, हे तिचं तिला ठाऊक. मी सगळं एका पातळीत आणून ठेवलेलं. एकदा मी दळण घेऊन आलो, तर ती मधल्या खोलीत उभी होती. भिंतीपासून लांब, कशालाच हात न लावता. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी विचारलं, आई, काय झालं? म्हणाली, "काई नाई, अशीच उभी आहो." स्वतःच्या घरात वाट चुकली होती, आणि हाक मारायची लाज वाटत होती तिला.

त्या दिवशी मी छिन्नी-हातोडा घेऊन कोनाडा परत फोडायला लागलो. आवाजानं ती आली. म्हणाली, "राहू दे ओम. तुले कुठं याद आहे तो केवढा होता." खरंच, मला आठवत नव्हतं. पन्नास वर्षं मी त्याच्यावरून दप्तर घेऊन, बॅग घेऊन, मंदाला घेऊन ये-जा केली, आणि तो भिंतीत कितव्या हातावर होता ते मला सांगता येईना.

परवा म्हणाली, "मले जयाकडे सोडून दे. करमत नाई, सपनाची याद येते."

ताई, तुला माहीत होतं ना? तू का नाही लिहिलंस?

ओम


बोरगाव मेघे,
२० एप्रिल २०२५

ओम,

माहीत होतं.

ऑपरेशन नीट झालं होतं. पण डॉक्टर म्हणाले, आतली नस सुकली आहे, आता यापुढे उतरतीच. गेल्या पोळ्यापासून तिला उजेड-अंधार तेवढा कळतो. तिनं मला शपथ घातली की ओमला कळू द्यायचं नाही. शपथ मी एकवेळ मोडली असती. पण तुझं ते फरशीचं पत्र आलं, आणि माझ्या डोक्यात लॉजवाला बसलेला. मला वाटलं, डोळ्यांचं कळलं तर याला बहाणाच मिळेल. म्हणेल, आईला दिसतच नाही, मग घर ठेवून करू काय? म्हणून एक ओळ लिहिली नाही. एकच ओळ लागत होती, ओम. "आई घर हातापायांनी बघते." एवढी लिहिली असती तर तू एक खुंटी हलवली नसतीस, हे मला आज पक्कं माहीत आहे. तेव्हा का माहीत नव्हतं, हेच मी रोज स्वतःला विचारते.

घर झाल्याचं तुझं पत्र पाडव्याच्या आदल्या दिवशी मिळालं. वाचून मी मोरीत जाऊन रडले. तोवर घर झालेलं होतं. दारात तुला सांगणार होते, तर तुझा चेहरा इतका खुललेला की माझी जीभच रेटेना. मी गाडीत बसले नाही, कारण ती आत शिरताना मला बघवलं नसतं.

इथे मी तिला हात धरून मोरीत नेते. जेवायला बसवते, वाटी हाताला लावून देते. ती निमूट करू देते, पण तिला ते किती लागतं ते मला ठाऊक आहे. रात्री निजताना मला तिचं घर सांगायची. दारातून आलं की डाव्या हाताला काय, पायाला कुठे गार लागतं, कुठल्या भिंतीचा पोपडा कुठे आहे. आता आल्यापासून सांगत नाही. मी विचारलं तरी म्हणते, झोप.

आपल्या चिठ्ठ्यांचं तिला आधीपासून माहीत होतं. तांदळाच्या डब्यात हात घातला तेव्हाच कळलं म्हणे. काल मला म्हणाली, "ओमले लिहून राह्यली ना? माया इकडूनबी लिही." ती बोलली तसंच खाली उतरवते. मी त्यात काही घातलं नाही.

"ओम बापा, तू जेवून नाई राह्यला असं चिंधूनं जयाले फोनवर सांगतलं. जेवत जा. घर तू वाईट नाई केलं. दुसऱ्या कोणाची माय असती तं साऱ्या गावाले बोलावून दाखवलं असतं तिनं. तुले डोळ्याचं सांगतलं नाई, हे मायं चुकलं. पण सांगतलं असतं तं तू मले चुलीजवळ जाऊ देल्लं असतं का? मी म्हटलं, एकडाव घरात पोचली का झालं, मंग कोणाले समजते. इथं मी आंधळी आहो. तिथं मी आंधळी नव्हती. आता तिथंबी झाली.

तू म्हणशीन का परत जसंच्या तसं करून देतो. नको करू. ते घर मी हातानं रोज थोडं थोडं केलं होतं, तुले ते एका वर्षात नाई जमत. आन् मले आता नवीन पाठ करायची उमर नाई. जयाच्या घरी मी पावणी आहो. पावणीले कोणी हात धरून नेलं तं तिले लाज नाई वाटत. आपल्या घरात मले पावणी होऊन नाई राह्यचं.

तू राहा तिथं. घराले कुलूप नको लावू. मले न्याले येजो नको. भेटाले येत जाजो, आन् आला का जेवून जाजो."